माल तिकडे, पैसा इकडे

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं: दुकानाची पायरी न चढता होणाऱ्या खरेदी-विक्रीच्या जुन्या इतिहासाबद्दल काय जाणून घ्यायला आवडेल? आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, घरबसल्या खरेदी ही इंटरनेटची देणगी. माझे सासरे सांगायचे की त्यांच्या लहानपणी पुस्तकं, घड्याळं, औषधं सगळं व्ही.पी.नं (पोस्टमनला पैसे दिल्यावर मिळणाऱ्या पार्सलानं) घरी यायचं. मग याची खरी सुरुवात कधीची धरायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: सासरे बरोबर सांगत होते, पण त्यांचा काळसुद्धा या हिशेबात कालपरवाचाच. आधी एक फरक लक्षात घ्या. व्यापारी स्वतः माल घेऊन परमुलखात गेला आणि तिथल्या बाजारात बसून विकून आला, तर अंतर कितीही असो, सौदा समोरासमोरचाच झाला. विकणारा आपल्या गावी, घेणारा त्याच्या गावी आणि मधल्या वाटेवर तिसऱ्याच्याच ताब्यातला माल, असं झालं की खरी पंचाईत सुरू होते. माल सांगितला तसाच निघेल का? पैसे आधी की माल आधी? वाटेत बुडालं तर कुणाचं बुडालं? मोहोर, हुंडी (परगावी पैसे देण्याची चिठ्ठी), बिल्टी (माल रवाना केल्याची पावती), व्ही.पी. ही सगळी या तीनपैकी एखाद-दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. तिन्हींचं एकदम उत्तर देणारी युक्ती मात्र जुन्या काळात कुणाला सापडली नाही, आणि आजही सापडलीय असं आम्हाला वाटत नाही.

अशा व्यवहाराचं सर्वांत जुनं भरघोस दप्तर तुर्कस्तानात कायसेरी शहराजवळ क्युलतेपे इथे निघालं. गावाचं प्राचीन नाव कानेश. इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपास, आजच्या इराकमधल्या अश्शूर शहरातल्या व्यापारी घराण्यांची माणसं तिथे ठाण मांडून होती. त्यांच्या घरांतून मातीच्या सुमारे २३,००० पाट्या मिळाल्या. त्यात राजांच्या विजयगाथा जवळपास नाहीतच. आहेत ती पत्रं, करार, उधाऱ्या आणि हिशेब.

अश्शूर ते कानेश अंतर हजारेक किलोमीटर. गाढवांच्या तांड्याला सहा आठवडे लागत. एका गाढवावर साधारण ६५ किलो कथील, दोन मोहोरबंद गठ्ठ्यांत वाटून, आणि वर काही कापड. शिवाय थोडं सुटं कथील हाताशी वेगळं ठेवत. नाक्यावर काही द्यायचं झालं किंवा दाणावैरण घ्यायची झाली, तर मोहोरबंद गठ्ठा फोडायची वेळ येऊ नये म्हणून. कानेशला पोचल्यावर तिथला राजवाडा कापडावर ५ टक्के आणि कथलावर ३ टक्क्यांच्या आसपास कर घेई, वर कापडातला दहावा हिस्सा आधी विकत घ्यायचा हक्क राखून असे. एवढं देऊनही परवडे, कारण अश्शूरला एका शेकेल (तिथलं वजनाचं माप) चांदीत १४-१५ शेकेल कथील येई आणि कानेशला जेमतेम ७.

प्रत्येक खेपेमागे तीन तऱ्हेच्या पाट्या होत. एक वाहतुकीचा करार: अमक्याच्या मोहोरेखाली इतका माल तमक्या माणसाच्या ताब्यात दिला, साक्षीदार हे. दुसरं आगाऊ कळवणारं पत्र: कानेशच्या अडत्याला कोणाबरोबर काय आणि किती निघालंय याची यादी. तिसरा पोच झाल्यावरचा हिशेब: काय पोचलं, करात काय गेलं, गाढवांवर काय खर्च झाला, किती विकलं, किती शिल्लक. पत्राची पाटी मातीच्याच पातळ पापुद्र्यात गुंडाळत आणि त्या वेष्टनावर मोहोर उमटवत. करार असेल तर मजकूर आतही आणि वेष्टनावरही लिहीत. भांडण झालं की वेष्टन फोडून आतला मजकूर ताडून पाहायचा. बाहेरचा मजकूर कुणी खरवडला तरी आतला शाबूत.

एक पत्र तर आजच्या कुठल्याही कापड व्यापाऱ्यानं वाचावं असं आहे. कानेशकडचा पुझुर-अश्शूर अश्शूरमधल्या वक्कुर्तुम या बाईंना कळवतो: मागे पाठवलंत तसलंच कापड पाठवा, नगाला अर्धा मिना (एक मिना म्हणजे सुमारे अर्धा किलो) चांदी देईन. एका बाजूनं विंचरा, पण कातरू नका, वीण घट्ट ठेवा. आधीच्या कापडापेक्षा नगामागे एक मिना लोकर जास्त घाला, तरी ते पातळच राहिलं पाहिजे. तयार कापड नऊ हात लांब, आठ हात रुंद हवं. माल डोळ्यांनी न पाहता मागवायचा तर मागणी किती नेमकी लिहावी लागते, याचा याहून जुना आणि स्पष्ट नमुना आमच्या पाहण्यात नाही.

प्रश्न: विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच न पाहता व्यवहार करत, असं शाळेत वाचलं होतं. ते खरं का?
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर: ती 'मुक्या व्यापारा'ची गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली. कार्थेज या प्राचीन नगराचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडून ठेवत, गलबतावर परतत आणि धूर करत. स्थानिक लोक येऊन मालाशेजारी सोनं ठेवून लांब सरकत. व्यापारी उतरून पाहत. सोनं पुरेसं वाटलं तर उचलून निघून जात, कमी वाटलं तर पुन्हा गलबतावर जाऊन बसत. मग ते लोक आणखी सोनं आणून ठेवत. दोघांचं समाधान होईपर्यंत कुणी कशाला हात लावत नसे. वर्गात सांगायला गोष्ट उत्तम आहे. फक्त ती हेरोडोटसनं कार्थेजवाल्यांच्या तोंडून ऐकलेली आहे आणि 'आम्ही कधी फसवत नाही' हे त्यात व्यापारीच सांगताहेत, एवढं मुलांना जरूर सांगा. आणि हा लांबून व्यापार नव्हेच: माल डोळ्यांसमोर असतो, फक्त माणूस नसतो.

प्रश्न: आम्ही किराणा-भुसारचे घाऊक व्यापारी. आमच्याकडे अजून वानगीवर (नमुना पाहून) सौदे होतात. कागद येण्याआधी मालाच्या प्रतीची खात्री कशी करत असतील?
— एक वाचक, रविवार पेठ

उत्तर: प्रतीची खात्री आणि मालाला कुणी हात लावला नाही याची खात्री या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी आधी साधली.

गुजरातेत हडप्पा संस्कृतीतल्या लोथलला धक्क्याजवळ कोठाराची इमारत सापडली. तिथे कधीतरी आग लागली, आणि त्या आगीत मातीच्या साठेक मोहोरा भाजून पक्क्या झाल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. एका बाजूला हडप्पा लिपीतल्या मुद्रेचा ठसा, आणि उलट बाजूला कापड, बोरू, चटई आणि दोरीच्या गाठीचे वळ. म्हणजे गठ्ठा बांधायचा, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर मुद्रा उमटवायची. काही गोळ्यांवर एकापेक्षा जास्त मुद्रा आहेत. एकाच गठ्ठ्याला दोघातिघांनी आपली खूण केलेली दिसते. गोळा फोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. यात अडचण एकच: मुद्रा चोराच्या हाती लागली, किंवा ठसा इतका साधा असला की कुणीही नक्कल करावी, तर मोहोर असून नसल्यासारखी.

मापाची भाषा तेव्हा पक्की होती. चर्ट दगडाची घनाकृती वजनं १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीनं चढत जातात. त्यातलं १६ चं वजन १३.७ ग्रॅमच्या आसपास भरतं. याच मापाची वजनं इराणच्या आखातातल्या बहारीनलाही मिळाली आहेत. तुमचं वजन आणि समोरच्याचं वजन एक असेल, तरच 'इतकं पाठवा' या शब्दांना अर्थ राहतो.

प्रतीचा तंटा मात्र मोहोरेनं मिटत नाही. आजच्या इराकमधल्या उर शहरात सापडलेली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली, इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराची पाटी पाहा. नान्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहितो: चांगल्या लगडी देईन म्हणालास आणि माझ्या माणसापुढे हलक्या टाकल्यास, वर 'घ्यायच्या तर घे, नाहीतर चालता हो' म्हणालास. यापुढे तुझ्याकडचं तांबं मी माझ्याच अंगणात एकेक निवडून घेईन. 'परत करण्याचा हक्क' गिऱ्हाइकानं स्वतःच जाहीर करून टाकलेला आहे.

वानगीबद्दल: १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १७ तुमच्याच रिवाजाला कायद्याचं रूप देतं. सगळा माल वानगीबरहुकूम हवा, वानगीशी ताडून पाहायची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळायला हवी, आणि वानगी नीट पाहूनही दिसला नसता असा दोष मालात नसावा. व्यवहारात घोटाळा होतो तो वानगी एकाच पोत्यातून, तीही वरून काढल्यानं. दाणे काढायची पोकळ सळई वेगवेगळ्या पोत्यांत तळापर्यंत घालून काढलेले दाणे एकत्र करा, दोन पुड्या बांधा, दोघांच्या सह्यांनी बंद करा, एक तुमच्याकडे, एक समोरच्याकडे. एकच पुडी असेल तर ती ज्याच्या हाती त्याचंच खरं होतं.

प्रश्न: नाणेघाटातला रांजण हा जकातीचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. इथून माल कुठे जायचा?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर: घाटाच्या माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख यज्ञ आणि दानदक्षिणेबद्दल बोलतो, रांजणाबद्दल नाही. वाट मात्र निर्विवाद व्यापारी: जुन्नरहून कल्याणला उतरणारी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वाटाड्या-पुस्तकात कल्याणही आहे, पैठण आणि तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेरही आहे. पैठण गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर; पैठणचे रंगीत दगड आणि तगरचं पुष्कळ साधं कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, असं त्यात लिहिलंय. तेरच्या विणकरानं रोमचा गिऱ्हाईक कधी पाहिला नसणार. पण हा व्यवहार टप्प्याटप्प्यानं हात बदलत जाणारा. मागणी लिहून थेट मागवण्याचा नव्हे.

प्रश्न: हुंडी म्हणजे जुना चेक, एवढंच ठाऊक आहे. प्रत्यक्षात ती कशी चालायची? हरवली तर?
— वाणिज्य शाखेचे दोन विद्यार्थी, डेक्कन जिमखाना

उत्तर: चेक बँकेवर असतो आणि खात्यात रक्कम असेल तरच वटतो. हुंडी एका पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली असते आणि ती दोन पेढ्यांच्या आपसातल्या पतीवर वटते.

समजा, पेशवाईअखेरीस पुण्याच्या कापडवाल्याला बनारसच्या व्यापाऱ्याचे हजार रुपये द्यायचे आहेत. रोकड बैलावर घालून पाठवायची तर पहारा हवा, नाक्यानाक्याला हात ओले करायला हवेत, आणि पेंढाऱ्यांची भीती ती वेगळीच. म्हणून तो पुण्यातल्या सराफाकडे हजार रुपये आणि वर हुंडणावळ, म्हणजे हुंडीचं शुल्क, भरतो. सराफ आपल्या बनारसच्या अडत्यावर हुंडी लिहून देतो. कापडवाला ती जासुदाबरोबर बनारसला धाडतो. सराफ अडत्याला निराळ्या पत्रानं कळवतो की अमक्या मितीची, इतक्या रकमेची हुंडी येईल, सकारावी, म्हणजे मान्य करून पैसे द्यावेत. हे पत्र पोचलं नाही तर अडत्या हुंडी घेऊन आलेल्या माणसाला थांबवून ठेवतो. बरेच तंटे इथेच होत. हुंडी सकारली, पैसे दिले, की अडत्या सराफाच्या नावे टाकतो. तिकडून पुण्याकडे येणाऱ्या हुंड्याही असतातच; वर्षाअखेर उणे-अधिक होऊन जी बाकी राहील तेवढीच हलवायची. हुंडणावळ रोज बदले. बनारसला पैसे धाडणारे जास्त आणि तिकडून येणाऱ्या हुंड्या कमी झाल्या की दर चढे.

दाखवताच पैसे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी ती मुदती. शहाजोग हुंडीची रक्कम कुणाही आलेल्या माणसाच्या हातात देत नसत. नावाजलेल्या शहाकरवीच, म्हणजे पतदार व्यापाऱ्याकरवीच, मागावी लागे, आणि पुढे हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर त्या शहानं पैसे परत करायचे. रेघा मारलेल्या चेकचं काम ती करत असे. जोखमी हुंडी समुद्री व्यापारातली, विशेषतः गुजरातच्या किनाऱ्यावरची. माल पाठवणारा आपल्या मालावर हुंडी लिहून आधीच पैसे उचलतो. गलबत सुखरूप लागलं तरच हुंडी वटते, बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे उसनवार आणि विमा एकाच कागदात. पहिल्या उत्तरात तीन प्रश्न सांगितले, त्यातल्या दोनांना एकदम हात घालणारा जुन्या काळातला हा दुर्मिळ कागद.

खाडाखोड टाळायची युक्ती लिहिण्यातच होती. रक्कम आकड्यात, मग अक्षरी, मग निम्मी करून पुन्हा दुप्पट: रुपये १०००, अक्षरी एक हजार, निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट पुरे हजार. एकावर एक शून्य चढवणाऱ्याला आता चार ठिकाणी हात चालवावा लागणार.

हुंडी हरवली तर लिहिणारा तिची पेठ देतो, म्हणजे दुसरी प्रत, ज्यात लिहिलेलं असतं की मूळ हुंडीवर पैसे दिले नसतील तरच हिच्यावर द्यावेत. पेठही हरवली तर परपेठ. एकीवर पैसे दिले की बाकीच्या रद्द. धोका असा की मूळ हुंडी चोराच्या हाती आणि पेठ धन्याच्या हाती, आणि दोघंही पेढीवर हजर. म्हणून जाणते लोक दर्शनी घेतानाही ती शहाजोग करून घेत.

१८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा झाला तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांचा स्थानिक रिवाज त्यानं तसाच राहू दिला. आमच्या मते तो शहाणपणा होता. एवढी बारीक वीण एका कलमात मावली नसती.

प्रश्न: आम्ही अंजीर गाडीत भरून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पाठवतो, स्वतः जात नाही. रात्री पट्टी मोबाइलवर येते. ही पद्धत कुठली?
— एक शेतकरी, पुरंदर तालुका

उत्तर: माल आपला, ताबा अडत्याचा, विक्री त्याच्या हातून आणि मागून हिशेब: ही पद्धत वर सांगितलेल्या कानेशची. तुमचं चलन म्हणजे वाहतुकीचा करार, तुमचा फोन म्हणजे आगाऊ कळवणारं पत्र, पट्टी म्हणजे पोच झाल्यावरचा हिशेब. तिघांपैकी चलनाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि वाद तिथेच अडतो. डाग (पेट्या, नग) किती, कुठल्या प्रतीचे किती, हे चलनावर लिहून गाडीवाल्याची सही घ्या, फोटो ठेवा. पट्टीत डागांचा आकडा चलनाशी जुळतो का, वजन प्रतीवार दिलंय का, की सगळा माल एका सरासरी भावात टाकलाय, हे आधी पाहा. हमाली, तोलाई, भाडं या वजावटी त्यानंतर. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बारीक भरलीत तर लिलावात एक पेटी ओतून पाहिली जाते आणि सगळा माल हलक्या भावात जातो.

प्रश्न: पत्रानं सौदा ठरला तर तो नेमका कधी पक्का होतो? पत्र पेटीत टाकल्यावर की पोचल्यावर?
— कायद्याची एक विद्यार्थिनी, एरंडवणे

उत्तर: पाया घातला तो लोकरीच्या एका सौद्यानं. २ सप्टेंबर १८१७ ला इंग्लंडमधल्या लिंडसेल यांनी अॅडम्स यांना लोकर देऊ करणारं पत्र टाकलं आणि उत्तर टपालानं मागितलं. अॅडम्स यांचं ब्रॉम्सग्रोव्ह हे गाव वूस्टरशायरमध्ये. पत्त्यावर पडलं लेस्टरशायर. पत्र ५ तारखेला पोचलं, अॅडम्स यांनी त्याच संध्याकाळी होकार टाकला, तो ९ ला मिळाला. दरम्यान वाट पाहून लिंडसेल यांनी ८ तारखेला लोकर दुसऱ्याला विकली होती. १८१८ मध्ये कोर्टानं ठरवलं: होकार टपालात पडला तेव्हाच करार झाला, आणि उशीर विकणाऱ्याच्या चुकीच्या पत्त्यामुळे, म्हणून भुर्दंड त्याला.

१८७२ च्या आपल्या करार कायद्याचं कलम ४ याहून थोडं वेगळं आहे. होकार टपालात पडताच देऊ करणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र तो समोरच्याला कळल्यावर बांधला जातो. म्हणून कलम ५ नुसार होकाराचं पत्र पोचण्याआधी तार करून होकार मागे घेता येई. परीक्षेत हा फरक हमखास राहून जातो. बुद्रुक आणि खुर्द यांच्या आपल्या मुलखात पत्त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न: व्ही.पी. कधी सुरू झाली, कशी चालायची? आधी पैसे, मग पार्सल उघडायचं, हे अन्यायाचं नव्हतं का? आणि कॅटलॉग आधी आले की व्ही.पी.?
— नारायण पेठ, औंध आणि पिंपरी इथल्या तीन वाचकांची पत्रं

उत्तर: कॅटलॉग कितीतरी आधीचे. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मनुटियस यांनी १४९८ मध्ये आपल्या ग्रीक पुस्तकांची किमतींसह यादी छापली. १७४४ मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं सुमारे ६०० पुस्तकांची यादी काढली आणि लांबच्या गिऱ्हाइकांना समोर असल्यासारखाच न्याय मिळेल असं आश्वासन दिलं. वेल्समधल्या न्यूटाउनच्या प्राइस प्राइस-जोन्सनं १८६१ पासून फ्लॅनेल टपाल आणि रेल्वेनं विकायला घेतलं. व्हिक्टोरिया राणी त्याची गिऱ्हाईक. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डची १८७२ ची पहिली यादी म्हणजे १६३ वस्तूंचा एक कागद, आणि १८७५ मध्ये 'पसंत नसेल तर पैसे परत'.

आपल्याकडे आधी पाया पडला. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. रेल्वे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आली, पण बोरघाटाची चढण १८६३ मध्ये पुरी झाली, तेव्हा मुंबईचं पार्सल पुण्यापर्यंत सलग रुळांवरून येऊ लागलं. १८७७ मध्ये व्ही.पी., १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनिऑर्डर टपाल खात्याकडे. चार वर्षांत सगळी साखळी जुळली. अमेरिकेचं टपाल खातं तेव्हा ४ पौंडांवरचं पार्सल घेतच नव्हतं. ते १ जानेवारी १९१३ पासून घेऊ लागलं. या एका बाबतीत आपण बरेच पुढे होतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

चालायची अशी: गिऱ्हाईक पोस्टकार्ड टाकतो. दुकानदार पार्सल करून टपालखर्च आधी स्वतः भरतो, आणि किंमत अधिक खर्च अशी वसूल करायची रक्कम फॉर्मवर लिहून देतो. गिऱ्हाइकाकडून ती रक्कम मिळाल्याशिवाय पोस्टमन पार्सल देत नाही. वसूल रक्कम मनिऑर्डरनं दुकानदाराकडे परत येते.

पार्सल मांजरपाटात शिवायचं, शिवणीवर ठरावीक अंतरानं लाखेच्या मोहोरा. विम्याच्या पार्सलाला तर नियमच होता की मोहोर नाण्याची किंवा नुसत्या रेघांची चालणार नाही, खासगी खूणच हवी. कारण सरळ आहे: चोरानं मोहोर फोडली तर चालू नाण्याचा ठसा त्याला खिशातूनच काढून पुन्हा मारता येतो.

उघडून पाहू न देण्याचं कारण असं की खातं मालाची हमी घेतच नव्हतं. वाहून न्यायचं आणि पैसे गोळा करायचे, एवढंच त्याचं काम. उघडायला दिलं असतं तर पोस्टमनच पंच झाला असता. याचा गैरफायदा घेणारे निघालेच: न मागवलेलं पार्सल धाडायचं, घरातला कर्ता बाहेरगावी, बायकामाणसं 'त्यांनीच मागवलं असेल' म्हणून पैसे भरून मोकळी, आत निघायची रद्दी. म्हणून पाठवणाऱ्याकडून लिहून घेऊ लागले की खऱ्या मागणीवरूनच पाठवतोय, आणि १८९८ च्या टपाल कायद्यात फसवणूक असेल तर वसूल रक्कम अडवून गिऱ्हाइकाला परत देण्याचे नियम करायची तरतूद आली.

दुकानदाराचं दुखणं उलट होतं. सुगीत खिसा गरम असताना मागणी टाकायची, पार्सल येईतो पैसे संपायचे, मग 'नको' म्हणून परत. जाण्यायेण्याचा टपालखर्च दुकानदाराच्या माथी, काच फुटली तर तीही. म्हणून पुष्कळ जण काही रक्कम आगाऊ मागत, आणि मागणीत पूर्ण पत्ता, तालुका, जवळचं पोस्ट आणि रेल्वे स्टेशन लिहा म्हणून बजावत. मोठा माल व्ही.पी.नं जात नसे. तो रेल्वेनं, आणि बिल्टी हुंडीसोबत बँकेकडे. हुंडीचे पैसे भरले की बिल्टी हातात, बिल्टी दाखवली की माल ताब्यात. तत्त्व व्ही.पी.चंच, पोस्टमनच्या जागी बँक.

प्रश्न: वाड्याचं काम काढलं तेव्हा माळ्यावर मोडीतले काही कागद मिळाले. शेजारी म्हणतात हुंड्या आहेत. कसं ओळखायचं, काय करायचं?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर: आधी स्टँप पाहा. इंग्रजी अमलातल्या मुदती हुंड्या बहुधा छापील किंवा उठावाच्या स्टँपच्या कागदावर असतात. उठावाचा ठसा दिसत नसेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला तिरपा धरा. मजकुरात रकमेपाशी 'निमे' आणि 'दुप्पट' सापडलं तर हुंडीच. मितीत शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. वर्ष एखाद्यानं मागेपुढे होईल. कागदाला भोक असेल, मजकुरावर रेघ असेल किंवा पाठीवर भरपाई लिहिली असेल, तर ती पैसे देऊन झालेली हुंडी; तिला खोका म्हणत. 'आजोबांचे पैसे येणं आहेत' म्हणून कुणाकडे जाऊ नका. मजकूर मोडीत नसून महाजनी वळणाचा असू शकतो. मारवाडी पेढ्यांचा तोच रिवाज.

वाचून घ्यायला सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ जवळ आहे. मोडी कागदांतच त्यांचा हात बसलेला. नेण्याआधी टाचण्या आणि स्टेपल काढा, गंजानं कागद खातात. घड्या जोरानं उलगडू नका. आम्लविरहित कागदाच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवा, चिकटपट्टी लावू नका, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन नको; ते पुन्हा निघत नाही आणि कागदही सोबत जातो.